वेष्टनावरील शेवटची ओळ

बँकेतील चौतीस वर्षांच्या सेवेत कर्जाच्या दस्तऐवजावर सही घेण्यापूर्वी मी प्रत्येक खातेदारास एक वाक्य न चुकता सांगत असे : “शेठ, आधी बारीक अक्षरे वाचा.” व्यापारी मंडळी हसत, न वाचताच सही करीत आणि वर मलाच चहा पाजीत. दोन दिवाळ्यांपूर्वी तीच चूक माझ्या हातून घडली. या वेळी दस्तऐवज कर्जाचा नव्हता, चॉकलेटच्या वेष्टनाचा होता. आणि भुर्दंड पडला तो माझ्या सहा वर्षांच्या नातीला.

तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे हे ती आठ महिन्यांची असतानाच कळले होते. वरचे दूध सुरू केले त्याच दिवशी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या. त्वचेवरील चाचणी झाली, रक्ततपासणी झाली आणि आमच्या स्वयंपाकघराचा कारभारच बदलला. आपल्याकडे आनंद म्हटला की दूध आलेच. पेढा, बासुंदी, श्रीखंड, तुपाची धार, वाढदिवसाचा केक. प्रत्येक समारंभात ही मुलगी स्वतःचा डबा घेऊन एका कडेला बसते. नातेवाइकांचा सल्ला चालूच असतो : “चमचाभर तुपाने काय होणार आहे?”, “गाईचे सोसत नसेल तर बकरीचे द्या.” सल्ला मायेपोटी असतो, म्हणूनच तो नाकारणे अधिक अवघड जाते.

दूध न पचणे आणि दुधाची अ‍ॅलर्जी असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या आतड्यात दुग्धशर्करा फोडणारे विकर कमी पडते. पोट फुगते, जुलाब होतात, पण जिवावर बेतत नाही. अ‍ॅलर्जीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा दुधातील प्रथिनांनाच, म्हणजे केसिन आणि व्हे यांना, शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. बकरीच्या व म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की त्या अदलाबदलीने काही साधत नाही. दुग्धशर्करा काढून टाकलेल्या दुधातही प्रथिने तशीच राहतात. तुपातसुद्धा त्यांचा अंश उरू शकतो, आणि काही मुलांना तेवढा पुरतो. ‘थोडेसे’ हा शब्द येथे उपयोगाचा नाही.

त्या दिवाळीत एका स्नेह्यांनी सुक्यामेव्याची पेटी पाठविली. तीत डार्क चॉकलेटची एक वडी होती. दर्शनी भागावर सत्तर टक्के कोको असे ठळक छापलेले, कोपऱ्यात हिरवा ठिपका. मी घटकपदार्थ वाचले : कोकोचा लगदा, साखर, कोको बटर, लेसिथिन, व्हॅनिला. ‘बटर’ शब्दाने सूनबाई दचकली. मी मोठ्या ऐटीत तिला समजावले की हे लोणी कोकोच्या बियांतून निघणारी चरबी आहे, दुधाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे मी बरोबर सांगितले होते. चुकले ते पुढे. वेष्टनाच्या दुमडीखाली आणखी एक ओळ होती, दुधाचा अंश असण्याची शक्यता सांगणारी. दुमड उलगडून पाहण्याचे मला सुचले नाही.

नखाएवढा तुकडा होता. दहा मिनिटांत तिच्या मानेवर गांधी उठल्या, खोकला लागला, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी आधीच शिकवून ठेवलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन मुलाने तिच्या मांडीत दिले आणि आम्ही रुग्णालय गाठले. ती रात्र आम्ही तेथेच काढली. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते. सकाळी नात जागी झाली आणि म्हणाली, “आजोबा, पण ते छान लागत होतं हो.”

त्या वाक्याने मला कामाला लावले. ‘चॉकलेट बंद’ असे सांगून मोकळे होणे सोपे होते, पण या मुलीला आधीच किती गोष्टी बंद होत्या!

शोध घेताना प्रथम एक गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे चॉकलेटात मुळात दूध नव्हतेच. १८४७ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे फ्राय कंपनीने कोकोची पूड, साखर आणि कोकोचे लोणी एकत्र करून साच्यात ओतले; खाण्याच्या चॉकलेटची पहिली वडी म्हणून तिचाच उल्लेख केला जातो. स्वित्झर्लंडमधील व्हेव्हे या गावी डॅनियल पीटर याने दुधाचे चॉकलेट तयार केले ते १८७५ च्या सुमारास. मधली जवळपास तीन दशके वडी बिनदुधाचीच होती. म्हणजे माझी नात मागत होती ती मूळ वस्तू. दुधाची वडी ही नंतरची आवृत्ती.

मग डार्क चॉकलेटात दूध येते कोठून? एक वाट उघड आहे. कडवटपणा सौम्य व्हावा आणि वडीवर पांढुरकी बुरशीसारखी दिसणारी झाक लवकर येऊ नये म्हणून काही उत्पादक दुधाची चरबी घालतात. ही झाक म्हणजे बुरशी नव्हे, वर आलेली कोकोचीच चरबी. घातलेले दूध घटकपदार्थांच्या यादीत सापडते. दुसरी वाट चोरवाट आहे. एकाच यंत्रावर सकाळी दुधाचे आणि दुपारी काळे चॉकलेट निघते, आणि ही यंत्रे आपल्या घरच्या भांड्यांसारखी पाण्याने धुता येत नाहीत. पातळ चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले तरी ते आळून त्याचा गोळा होतो. शिवाय ओल राहिली की जंतूंची भीती. म्हणून पुष्कळदा नळ्यांमधून कोकोचे लोणी किंवा नव्या मालाचेच चॉकलेट सोडून जुना माल बाहेर ढकलतात. पण कोपऱ्याकापऱ्यांत अंश राहतो आणि पुढच्या वड्यांत उतरतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये डार्क चॉकलेटच्या ९४ वड्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले होते. त्यांपैकी फक्त ६ वड्यांच्या घटकांत दूध लिहिलेले होते. उरलेल्या ८८ पैकी ५१ वड्यांत दूध निघाले. सवयीने मी लगेच टक्केवारी काढली, ५८ भरली. एखाद्या शाखेच्या लेखापरीक्षणात शंभरातील अठ्ठावन्न खाती अशी निघाली असती तर शाखाधिकाऱ्याची खैर नव्हती.

वेष्टन वाचण्याची विद्या आपल्या घरांना नवी नाही. जिलेटिन नाही ना, अंडे नाही ना, कांदा-लसणाची पूड नाही ना, हे आपल्या घरातील लहान मुलेही पाहतात. पण या सवयीनेच मला गाफील ठेवले. हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो; दूध शाकाहारात मोडते, त्यामुळे दुधाविषयी तो मूक असतो. ‘व्हीगन’ चिन्ह असेल तर दूध जाणूनबुजून घातलेले नाही एवढे कळते. यंत्रावरून आलेल्या अंशाची हमी त्यात नाही. टक्केवारीचेही तसेच. सत्तर टक्के म्हणजे कोकोपासून आलेला भाग. उरलेल्या तिसांत काय आहे ते यादीच सांगणार. त्या यादीत मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे, केसिनेट यांपैकी एक शब्द जरी दिसला तरी वडी परत ठेवावी.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध, सोयाबीन, शेंगदाणे यांसारखे अ‍ॅलर्जीकारक घटक ‘कंटेन्स’ या शब्दानंतर वेगळे लिहावे लागतात. यंत्रावरून अंश मिसळण्याची शक्यता असेल तर ‘मे कंटेन’ अशी सूचना देता येते. बँकेतल्या माणसाला ‘द्यावी लागते’ आणि ‘देता येते’ यांतील अंतर लगेच कळते. सूचना असली तर वस्तू टाळायचीच. पण नसली तरी वस्तू निर्धोक ठरत नाही.

म्हणून मी तीन उत्पादकांना पत्रे लिहिली. प्रश्न दोनच : याच यंत्रांवर दुधाचे चॉकलेट निघते काय, आणि तयार मालाची दुधाच्या प्रथिनांसाठी चाचणी होते काय? एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने रंगीत माहितीपत्रक पाठविले. तिसरा उत्पादक लहान, कोकोच्या बिया स्वतः भाजणारा. त्याने कळविले की त्याच्या आवारात दूध येतच नाही, आणि चाचणीचा अहवालही जोडला. ते पत्र घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घरी प्रयोग करू दिला नाही. रुग्णालयात, त्यांच्या देखरेखीखाली, आधी कणभर, मग थोडे अधिक, अशा बेताने तिला ती वडी दिली. तीन तास मी घड्याळाकडे पाहत बसलो होतो. काही झाले नाही. प्रत्येक अ‍ॅलर्जीग्रस्त मुलाबाबत हा निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच असावा, हे येथे आवर्जून लिहितो.

वाचकांपैकी अनेकांची किराणा वा मिठाईची दुकाने आहेत, आणि दिवाळीत भेटींच्या पेट्या तर सर्वच पेढ्यांवरून जातात. वड्या सोडवून, चकचकीत कागदात गुंडाळून, रेशमी फीत बांधून देण्याची पद्धत दिसायला सुंदर असते, पण त्यात मूळ वेष्टन कचऱ्यात जाते आणि त्याबरोबर ती शेवटची ओळही. घरगुती चॉकलेटांचे पुष्कळदा असेच होते. बाजारातील तयार लाद्या वितळवून एकाच पातेल्यात आधी दुधाचे आणि मग काळे चॉकलेट केले जाते, आणि पेटीवर नाव छापले जाते ते फक्त ‘डार्क’. मूळ वेष्टन पेटीत तसेच ठेवायला पैसाही लागत नाही.

नात आता आठ वर्षांची झाली. दर रविवारी सूर्यास्तापूर्वी आमची बैठक भरते. वडी नवी असेल तर ती वेष्टन पूर्ण उलगडते, दुमडीसकट, आणि मोठ्याने वाचते; मग मला वाचायला लावते. वडी तीच असली तरी हे चुकत नाही, कारण उत्पादक यंत्र बदलू शकतो. मग कट् असा आवाज करीत चौकोन मोडायचा. चावायचे नाही, हा तिचा नियम. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेहून किंचित खाली. जिभेवर ठेवून गप्प बसले की आधी कडवट, मग किंचित आंबूस आणि शेवटी गोड, अशी चव एकेक उलगडत जाते. तेवढा वेळ ती डोळे मिटून बसते. मला मधुमेहामुळे अर्धाच चौकोन मिळतो, आणि तोही तीच मोजून देते.