बोटाला लागणारा डोंगर

टॉर्चचा संपलेला सेल दगडाने फोडून बोटं काळी केली नाहीत, असं पोर आमच्या पिढीत विरळा. ती भुकटी कोळशाची, असं आम्ही समजायचो. कार्बन तिच्यात असतोच, पण तो वीज वाहून नेण्यापुरता. खरं काम मँगनीज डायऑक्साइडचं. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन बल्बमधून फिरून आले की ते त्यांना सामावून घेतं. धान खरेदी केंद्राचं गोदाम भरलं की काटा थांबतो, ट्रॅक्टरची रांग लागते आणि मागचे ट्रॅक्टर गावातून निघतच नाहीत. सेलमधलं हे गोदाम भरलं की बल्बही तसाच मंदावतो.

सेलला चालणाऱ्या या खनिजासाठी नावाजलेली खाण आपल्या तुमसर तालुक्यात आहे, डोंगरी बुजुर्गला. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला मँगनीजचा गाळ दाबाने आणि उष्णतेने खडक झाला. मँगनीजचं गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या अशा खडकाला एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. भारतातल्या मँगनीजवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९०९ चा. जगभरच्या भूविज्ञानात गोंडांचं नाव असं एका खडकाला मिळालं, याचा मला फार आनंद वाटतो.

पण खनिज हाताने निवडणाऱ्या बायांचं नाव कुठल्या पुस्तकात आहे? मँगनीजचा दगड त्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा पावणेदोन पट जड. तळहातावर घेतला की कळतो. मँगनीजच्या खनिजांपैकी पायरोलुसाइट बोटाला काळं लागतं, कठीण ब्राउनाइट लागत नाही. प्रयोगशाळेआधीची ही परीक्षा त्यांच्या हातात होती. भाव मात्र दूर ठरायचा. १९०५ च्या सुमारास रशियात उठाव झाले, जॉर्जियातल्या चियातुरा खाणींचा पुरवठा विस्कटला आणि पोलाद कारखान्यांना मध्य प्रांतातलं मँगनीज हवंसं झालं.

आता विजेवरच्या गाड्यांमुळे मँगनीजला सोन्याचे दिवस येणार, अशा बातम्या येतात. सावकाश घ्या. लिथियम बॅटरीला खाणीतला दगड थेट चालत नाही. तो विरघळवून अतिशुद्ध करावा लागतो. विद्युत-विच्छेदनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढायला मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीने डोंगरी बुजुर्गलाच कारखाना उभारला, म्हणजे ही विद्या इथे परकी नाही. बॅटरीसाठीचं शुद्धीकरण तुमसरजवळ होणार, की दगड वॅगनमध्ये भरून जाणार, हे बातमी देणाऱ्याला आधी विचारा.