मैदानावरच्या मुलामुलींचे खाणे आणि पाणी

नांदेड असो की लातूर, पहाटे मैदानावर गेले की आपल्या वस्त्यांतली मुले-मुली पळताना दिसतात. कुणाला शालेय कबड्डीत उतरायचे असते, तर कुणी अकरावीतच पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी करत असते, मुले 1600 मीटरची आणि मुली 800 मीटरची. यातले बरेच जण कोरा चहा आणि टोस्टवर आलेले असतात, काही तर उपाशीच. घरी परतल्यावर पुन्हा चहा, आणि जेवण थेट बाराला. मग वेळ सुधारत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि घरचे म्हणतात पोरगं आळशी झालंय.

या वयात शरीराला दुहेरी अन्न लागते. हाडे-स्नायू वाढत असतात आणि वर सरावाची झीज भरून काढायची असते. उपाशी पळणे म्हणजे तपश्चर्या नव्हे. देहदंडाने काही साधत नाही हे सिद्धार्थ गौतमाने स्वतः अनुभवले आणि सुजाताची खीर स्वीकारली, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक आहे. पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या घरांनीही हे ध्यानात घ्यावे. दुपारनंतर जेवायचे नसेल, तर त्या संध्याकाळी कडक सराव नको.

सरावाच्या अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे किंवा गुळाचा खडा लावून अर्धी भाकरी पुरते. अर्धापूरची केळी आपल्या दारात येतात. महागड्या पाकिटातल्या बारची गरज नाही. सराव संपल्यावर तासाभरात मात्र नीट खायला हवे.

प्रथिनांचा हिशेब एकदा घरीच करून पाहा. नियमित सराव करणाऱ्या 50 किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम मिळतात. 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून 26, मूठ-दीड मूठ म्हणजे 50 ग्रॅम फुटाण्यांतून 10, तेवढ्याच तूरडाळीतून 11 आणि ज्वारीच्या तीन भाकरींतून 18 ग्रॅमच्या आसपास. बेरीज 77. यात दूध, मटण, सुकट काहीच धरलेले नाही. सोयाबीन आणि तूर ही तर लातूरच्या बाजाराची ओळख. तरीही जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून दोन-तीन हजारांचा पावडरचा डबा उधारीवर घेतला जातो. दम वाढवणारे म्हणून कुणी इंजेक्शन देऊ केले तर त्या माणसापासून मुलाला दूरच ठेवा. त्याने हृदय बंद पडू शकते.

अंड्याबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्यांच्या घरी अंडे परवडते त्यांना फरक पडला नाही. आपल्या मुलांचे ते एक अंडे गेले. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील तर लोकवर्गणीतून अंडी सुरू ठेवता येतात, त्यांनी तो विषय काढावा.

मुलींच्या बाबतीत दम लागण्याचे कारण पुष्कळदा रक्त कमी असणे हे असते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी टाकून देऊ नये. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळले तर जास्त लागते. सराव वाढल्यावर पाळी थांबली तर ते खाणे कमी पडत असल्याचे लक्षण समजून डॉक्टरांना दाखवावे.

आता पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरला पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. पण मैदानावर अजूनही एक खूळ आहे, की मध्येच पाणी प्यायले तर दम तुटतो. खरे उलट आहे. 50 किलोच्या मुलाचे वजन सरावानंतर 49 भरले, तर सुमारे एक लिटर पाणी घामातून गेले. तेवढ्यानेही वेग घसरतो. पुढच्या काही तासांत जेवणासोबत सव्वा ते दीड लिटर प्यायला हवे. सरावात दर पंधरा-वीस मिनिटांनी पाऊण ग्लास घ्यावा, एकदम तांब्याभर नको. लघवी गर्द पिवळी असेल तर पाणी कमी पडतेय.

तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरे. त्याहून जास्त वेळ उन्हात खेळायचे असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लिंबू, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि पाव छोटा चमचा मीठ घाला. ताक किंवा ज्वारीची अंबीलही चालते. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असते की ते लहान मुलांसाठी नाही. त्यातल्या कॅफिनने छाती धडधडते आणि झोप उडते. आणखी एक सावधगिरी : फळाच्या चवीची गोड पेये ओआरएस म्हणून विकली जात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. जुलाबासाठी आशाताईंकडचे पाकीटच घ्यावे.

बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक जिंकले. त्याचे नाव प्रत्येक पोराच्या तोंडी असते. सैन्यात भरती झालेल्याला रोजचे भरपेट जेवण मिळते, हे मात्र कुणी सांगत नाही.

उन्हाळ्यात सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी जोराचा सराव नको. पळता पळता मुलगा झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल त्या गार पाण्याने सगळे अंग भिजवा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.