पायावरचा जांभळा चट्टा : कॅन्सर की शिरांचे दुखणे?

ढोकीच्या शिवारात सोयाबीनची पाहणी चालली होती. बांधावर बसलेल्या एका गृहस्थांनी धोतर जरा वर घेतले आणि म्हणाले, "साहेब, पिकाचं राहू द्या, आधी हे बघा." घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा काळपट जांभळा चट्टा आणि त्यावर मुगाएवढ्या चार-दोन गाठी. कोणीतरी कॅन्सर म्हणून सांगितले होते. घरात रडारड झाली होती. एकाने बिब्बा लावला होता, दुसरा डाग द्या म्हणत होता. औषधपाण्यासाठी एकरभर रान विकायचे बोलणेही सुरू झाले होते.

मी शेतकी पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण नुसते पिवळे पान बघून फवारणी करू नका, हे सांगण्यातच माझी नोकरी गेली. चुनखडीच्या रानात सोयाबीन लोह कमी पडल्याने पिवळे पडते आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या मोझॅकनेही पिवळे पडते. उपाय मात्र निरनिराळे. म्हणून त्यांना आधी तपासणीला धाडले. निघाले ते शिरांचे दुखणे! रान विकायचे राहिले.

त्याचे असे आहे. पायातले रक्त शिरांतून वर हृदयाकडे चढते. ते खाली परतू नये म्हणून शिरांत झडपा असतात. वर्षानुवर्षे तासन्‌तास उभे राहून, किंवा घराण्यातच तसा दोष असला तर, त्या झडपा ढिल्या पडतात. मोटेच्या पाण्यासारखे रक्त उलटे येऊन घोट्याशी साचते, शिरा फुगतात, कातडी काळवंडते आणि बारीक रक्तवाहिन्या वाढून जांभळ्या गाठी दिसू लागतात. संध्याकाळी सूज वाढते, खाज सुटते.

दुसरा प्रकार जन्मजात. हृदयाकडून येणारी रोहिणी मधल्या केशवाहिन्या सोडून थेट शिरेला जोडलेली असते. हे बहुधा तरुणपणी आणि एकाच पायावर दिसते. तो भाग गरम लागतो, हात ठेवला तर धडधड किंवा थरथर जाणवते.

ज्या कॅन्सरशी याची गल्लत होते, त्याचे वर्णन व्हिएन्नाच्या कापोसी नावाच्या डॉक्टरांनी 1872 साली केले. शिरांच्या दोषाने हुबेहूब तसेच चट्टे उठतात, हे 1965 आणि 1967 साली डॉक्टरांनी दाखवून दिले. दुर्बिणीखालीही कधी कधी फसगत होते. 1994 साली कापोसीच्या कॅन्सरमागचा विषाणू सापडला, तेव्हापासून काढलेल्या तुकड्यात तो आहे की नाही हे पाहता येते.

म्हणून धडधडणारी गाठ कोणाकडूनही कापून घेऊ नये; रक्त थांबता थांबत नाही. आधी डॉप्लर सोनोग्राफी करतात. तीत रक्त कोठून कोठे वाहते ते दिसते आणि सुई टोचावी लागत नाही. मग डॉक्टरांना गरज वाटली तर तुकडा तपासतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत मात्र खुशाल सोडून द्यावी.

शिरांच्या दुखण्यात दाबपट्टी, चालणे आणि बसल्या-निजल्या पाय उंच ठेवणे यांनी बराच उतार पडतो. काहींच्या शिरा लेसरने किंवा शस्त्रक्रियेने बंद कराव्या लागतात. पट्टी मात्र मनाने आवळू नये. मधुमेह किंवा विडी-तंबाखूमुळे पायाला रक्त कमी पोहोचत असेल तर पट्टीनेच पाय जायचा. बिब्ब्याने आणि डागण्याने तर नवीच जखम होते, आणि भाजल्याच्या जुन्या व्रणात पुढे खरा कॅन्सर उपजू शकतो.

याचा अर्थ प्रत्येक चट्टा निरुपद्रवी, असा कोणी घेऊ नये. महिनाभरात न भरणारी जखम, कडा उचललेला व्रण, तळपायावर वाढत जाणारा काळा डाग हे लगेच दाखवावेत. आपल्या लोकांत काळ्या डागाचा कॅन्सर तळपायालाच जास्त होतो आणि अनवाणी पायाकडे कोण बघतो? येडशीमार्गे बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. तेथे 1987 साली खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले, त्यात आपल्या जिल्ह्यातले भूम आणि परांडा तालुकेही घेतले होते.

एक सांगायचे राहिले. फुगलेली शीर कधी काट्याने, कधी खाजवताना फुटते आणि रक्ताची धार लागते. अशा वेळी माणसाला उताणे निजवावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा आणि स्वच्छ फडके जखमेवरच घट्ट दाबून ठेवावे. वर मांडीला दोरी बांधू नये, त्याने रक्त आणखी वाहते. धार थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.