'वय झालं' हे आजाराचे नाव नाही

म्हातारी न्हाणीत घसरली, मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले, की वस्तीत पहिले वाक्य ठरलेले असते : "आता वय झालं, ऑपरेशन कशाला?" मग कोणी तेल चोळणाऱ्याला बोलावतो, कोणी पायाला वीट बांधून ठेवतो. पडून पडून पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, आणि काही महिन्यांत माणूस जातो. कशाने गेली, असे विचारले तर उत्तर पुन्हा तेच. वय झाले होते.

या वेळी आम्ही एका संघटनेच्या कामाविषयी लिहीत आहोत. ती ब्रिटनमधली आहे. नाव ब्रिटिश जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी. म्हातारपणातील आजारांवर काम करणारे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट तिचे सभासद असतात. परदेशातल्या डॉक्टरांची वर्षभराची कामे वाचून आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण हे काम सुरू झाले ते गरिबांच्या खाटांपासून, म्हणून ते सांगणे आम्हांला गरजेचे वाटते.

त्या काळी इंग्लंडात निराधारांना 'वर्कहाउस'मध्ये ठेवत. लोक तिथे जायला भीत, कारण तिथे गेला तो कलंक घेऊनच जगायचा. त्याला जोडून आजाऱ्यांचे वॉर्ड असत. 1935 मध्ये लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलच्या शेजारचे असे वॉर्ड डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आले. 714 रुग्ण. बहुतेक म्हातारे, कित्येक अंथरुणाला खिळलेले. त्यांना नीट तपासायची तसदी कोणी घेतली नव्हती. 'बरा न होणारा' एवढाच शिक्का.

वॉरेनबाईंनी एकेकाला तपासायला घेतले. कोणाला लकवा होता, कोणाचे सांधे न हलवल्यामुळे आखडले होते, आणि काहींना तर झोपून राहण्याचे काही कारणच नव्हते. उठवले नाही म्हणून ते उठले नव्हते. त्यांनी रुग्णांना आजाराप्रमाणे वेगळे केले, भिंतींना उजळ रंग दिला, दिवे वाढवले, धरायला कठडे बसवले, बसायला नीट खुर्च्या आणल्या. रोज उठवायचे, चालवायचे. बरेच लोक घरी गेले आणि निम्म्याहून अधिक खाटा मोकळ्या झाल्या. यात महागडे यंत्र एकही नव्हते, हे लक्षात घ्यावे. 1943 आणि 1946 मध्ये त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत हे लिहून काढले. 1947 मध्ये मूठभर डॉक्टरांनी एकत्र येऊन संघटना काढली, त्यांत वॉरेन होत्या. आजचे नाव तिला 1959 मध्ये मिळाले.

आता ही संघटना वर्षभर काय करते? दोन मोठी अधिवेशने होतात, एक वसंतात आणि एक शरदात. 1972 पासून तिचे स्वतःचे नियतकालिक आहे. भाषणे, पारितोषिके हे सर्व असते, त्याचे आम्हांला विशेष अप्रूप नाही. खरे काम दुसरे आहे. तरुण डॉक्टर आणि नर्स आपापल्या हॉस्पिटलचा हिशेब तिथे मांडतात. आमच्या वॉर्डात किती म्हातारे पडले, किती जणांना पाठीवर जखमा झाल्या, आम्ही काय बदलले, मग आकडा खाली आला की नाही. आपली चूक चारचौघांत मोजून दाखवायला धैर्य लागते.

या मोजण्याचे मोल खुब्याच्या हाडाच्या बाबतीत दिसले. 2007 मध्ये या संघटनेने हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेशी हात मिळवला आणि खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी देशव्यापी वही सुरू केली. दाखल झाल्यावर ऑपरेशन किती तासांत झाले? म्हातारपणाच्या तज्ज्ञाने तपासले का? दरवर्षी हॉस्पिटलवार अहवाल निघतो, त्यामुळे मागे कोण पडले ते लपत नाही. इंग्लंडमध्ये 2007 साली दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होणारे रुग्ण शंभरात सुमारे 54 होते, 2011 मध्ये ते 71 झाले. महिन्याभरात दगावणारे शंभरात जवळजवळ 11 होते, ते साडेआठवर आले. रुग्ण तेवढेच म्हातारे होते. बदलली ती त्यांच्याकडे पाहण्याची घाई.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. पडल्यावर पाय आखूड दिसत असेल, बाहेर वळला असेल, उभे राहता येत नसेल, तर चोळू नये, ओढू नये. त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे. ऑपरेशन चालण्यासाठी तर असतेच, पण आधी ते दुखणे थांबवण्यासाठी आणि माणसाला अंथरुणातून उठवण्यासाठी असते. ऐंशीच्या म्हातारीचेही होते. इंग्लंडात उपचार फुकट आहेत, आपल्याकडे पैशाची भीती खरी आहे. पण 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. त्यावर योजनेतील दवाखान्यांत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. वय आधारवरून धरतात. आधारवर जन्मसाल चुकले असेल तर दुरुस्ती आजच करून घ्यावी, पडल्यावर नव्हे.

ग्लासगोचे डॉ. बर्नार्ड आयझॅक्स यांनी म्हातारपणाचे चार राक्षस सांगितले होते : हालचाल थांबणे, तोल जाऊन पडणे, लघवी-शौचावर ताबा न राहणे आणि बुद्धी मंदावणे. चारही गोष्टींना आपण 'वय' म्हणून सोडून देतो. प्रत्येकीमागे शोधता येणारे कारण असू शकते. लघवीचा जंतुसंसर्ग झाला तरी म्हातारा माणूस एकाएकी बरळू लागतो; त्याला वेड लागले असे समजू नये, एकाएकी बदल झाला की दवाखाना गाठावा. बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येते. झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो, आणि आपल्याकडे रात्री सार्वजनिक संडासापर्यंत अंधारात, उघड्या गटाराच्या कडेने जायचे असते. तिथे एक दिवा लावून घेणे आणि घरात रात्रीसाठी भांडे ठेवणे, यात लाजण्यासारखे काही नाही. पोटमाळ्याच्या शिडीवर म्हाताऱ्यांची झोपायची जागा मात्र नसावी.

आपल्या देशातही हे शास्त्र आहे. चेन्नईच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये वृद्धांची वेगळी ओपीडी सुरू केली. तिथल्या मद्रास मेडिकल कॉलेजात 1996 मध्ये या विषयाची एम.डी. आली. 2010 पासून केंद्र सरकारचा वृद्ध आरोग्य कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी आणि 10 खाटांचा वॉर्ड धरलेला आहे. कागदावर धरलेले आपोआप मिळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. केसपेपर काढताना विचारावे : ज्येष्ठांची ओपीडी कोणत्या वारी, कोणत्या खोलीत? चार घरांनी विचारले की उत्तर द्यावे लागते.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. सरकारी, खासगी, शेजारणीने दिलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. "यातली कोणती बंद करता येईल?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, आपल्या मनाने कोणतीही बंद करू नये. पौर्णिमेला विहारात जमतो तेव्हा वस्तीतल्या नर्स ताईंनी अशा पिशव्या उघडून पाहिल्या, तर एकच गोळी दोन नावांनी घेणारे सापडतील.

घरात छळ होत असेल, पेन्शन अडली असेल, कुठे जायचे ते कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी 14567 हा फुकट फोन आहे. सकाळी 8 ते रात्री 8.