‘नीट’ हुकली म्हणजे सगळं संपलं नाही : कॅन्सरच्या उपचारात भौतिकशास्त्राची वाट

आपल्या राळेगाव तालुक्यात कॅन्सर हा शब्द आता कुणाला नवीन राहिलेला नाही. खर्रा, तंबाखू, गुटखा यांनी तोंडाचा कॅन्सर घराघरात आणला. बायकांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर दिसतो. मग पेशंटला घेऊन सेवाग्राम, सावंगी नाही तर नागपूर गाठायचं. तिथून परत आलेले लोक सांगतात, “डॉक्टरांनी पस्तीस शेक सांगितले.”

हा ‘शेक’ म्हणजे रेडिएशन. पण तो किती द्यायचा, कोणत्या बाजूने द्यायचा, मशीनमधून तेवढाच निघतो की नाही, हे कोण बघतं? डॉक्टर तर असतातच. त्यांच्या बरोबरीने आणखी एक माणूस काम करतो आणि तो डॉक्टर नसतो. तो भौतिकशास्त्र शिकलेला असतो. त्याला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. दहावी-बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या अम्मी-अब्बूंना या शिक्षणाची माहिती व्हावी, म्हणून हा लेख.

हा माणूस नेमकं काय करतो?

रेडिएशन मोजायचं माप आहे ‘ग्रे’. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारण ६० ते ७० ग्रे लागतात. ते एकदम देता येत नाहीत. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे देतात. तीस-पस्तीस शेक होतात ते असे.

आता अडचण बघा. गाठीला ७० ग्रे पाहिजेत, पण तिच्या मागेच मणक्यातला मज्जारज्जू आहे. त्याला ४५-५० ग्रेच्या वर गेलेलं चालत नाही, नाही तर हातापायातली ताकद जाण्याचा धोका असतो. बाजूला लाळेच्या ग्रंथी आहेत. त्या जळल्या तर माणसाला पुढे कोरडी भाकर गिळणंही जड जातं. डॉक्टर सीटी स्कॅनवर गाठ आखून देतात आणि डोस ठरवतात. मग किरण किती दिशांनी सोडायचे, कुठे अडवायचे, म्हणजे गाठीला पुरेसा आणि बाकीच्या अवयवांना कमीत कमी डोस जाईल, हा हिशेब कॉम्प्युटरवर बसवायचं काम फिजिसिस्टचं.

दुसरं काम मशीनचं. कोबाल्टच्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू असतो. त्याची ताकद दर महिन्याला साधारण १ टक्का कमी होते आणि सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते. आज जो शेक दोन मिनिटांत होतो, त्याला सव्वापाच वर्षांनी चार मिनिटं लागतील. वेळ वाढवली नाही तर पेशंटला डोस कमी पडेल आणि ते कुणाच्या डोळ्याला दिसणारही नाही. म्हणून मशीन वेळोवेळी मोजावं लागतं आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो. लिनॅक नावाच्या मशीनमध्ये किरणोत्सारी धातू नसतो. ते विजेवर इलेक्ट्रॉनला वेग देऊन क्ष-किरण तयार करतं. पण त्याचीही रोज सकाळी पहिला पेशंट आत जायच्या आधी तपासणी होते.

निदानातही हेच शास्त्र आहे. सीटी, मॅमोग्राफी, पेट स्कॅन ही सगळी भौतिकशास्त्राची देणगी. पेट स्कॅनसाठी वापरतात ते फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं होतं. म्हणून ते बनवणं, पोहोचवणं आणि पेशंटला देणं, सगळं घड्याळ लावूनच चालतं.

हे काही परदेशातलं काम नाही

मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. मादाम क्युरींच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम केलेले डॉ. रामय्या नायडू तिथे फिजिसिस्ट होते. भारतातले पहिले मेडिकल फिजिसिस्ट म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६२ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या विषयाचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला. आज देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांत तिथून शिकलेले लोक आहेत.

आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे सेवाग्राम. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने देशातच बनवलेलं लिनॅक मशीन तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसवलं गेलं. राळेगावचे पेशंट ज्या दवाखान्यात जातात, तिथेच ही गोष्ट घडली.

वाट कशी आहे?

अकरावीत विज्ञान घेताना गणित सोडू नका. ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ समजा. आपल्याकडे डॉक्टर करायचं ठरलं की गणित काढून टाकतात आणि फक्त जीवशास्त्र ठेवतात. मग नीटमध्ये मार्क कमी आले की मुलाजवळ दुसरा रस्ता उरत नाही. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले तर अभ्यास जास्त होतो हे खरं, पण दोन्ही दारं उघडी राहतात.

बारावीनंतर भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं. पुढे दोन मार्ग आहेत.

पहिला : भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि त्यानंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. भाभा केंद्राच्या डिप्लोमासाठी एम.एस्सी.ला किमान ६० टक्के लागतात आणि निवड परीक्षा असते. डिप्लोमा होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचा मिळतो.

दुसरा : थेट मेडिकल फिजिक्समध्ये एम.एस्सी. चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ इथे हा कोर्स आहे.

दोन्हींनंतर रेडिएशन विभागात एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागते. मग रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा. हे झालं की अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या नियमांप्रमाणे तुम्ही पूर्ण पात्र. मेडिकल फिजिसिस्ट नसेल तर रेडिएशनचा विभाग चालवायला परवानगीच मिळत नाही. म्हणून या माणसाची गरज कायम राहणार.

एक सावधगिरी. कोणत्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी तो कोर्स एईआरबीला मान्य आहे का, हे मंडळाच्या वेबसाइटवर बघा. नाव सारखं असून मान्यता नसलेल्या कोर्सने वर्षं वाया जातात. आणि हा कोर्स रेडिओग्राफी टेक्निशियनच्या डिप्लोमापेक्षा वेगळा आहे. तेही काम चांगलं, पण शिक्षण आणि जबाबदारी वेगळी.

खर्च, आणि मुलींचा प्रश्न

बारावीनंतर सगळं मिळून साधारण सात वर्षं लागतात. पण सरकारी किंवा अनुदानित कॉलेजातल्या बी.एस्सी., एम.एस्सी.ची फी खाजगी मेडिकल कॉलेजच्या फीच्या जवळपासही जात नाही. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्याला हा फरक सांगायला नको. गरज पडली तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

मुलींबद्दल पालक विचारतात, “रेडिएशनचं काम, लग्नानंतर त्रास नाही ना होणार?” प्रश्न रास्त आहे. या विभागात काम करणारा प्रत्येक जण अंगावर बिल्ला लावतो आणि त्याला किती रेडिएशन मिळालं ते त्यावरून मोजलं जातं. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आहे. बाई गरोदर असल्याचं कळवलं की गर्भासाठी उरलेल्या काळात १ मिलीसिव्हर्टची कडक मर्यादा लागू होते आणि तिचं काम त्याप्रमाणे बदलतात. शेक चालू असताना खोलीत पेशंटशिवाय कुणी नसतं, बाकीचे जाड भिंतीच्या बाहेर असतात. मादाम क्युरींच्या काळात ही काळजी नव्हती, आज आहे.

ज्यांच्या घरी पेशंट आहे, त्यांच्यासाठी

मशीनने बाहेरून शेक घेतलेला माणूस किरणोत्सारी होत नाही. नातवंडांना खुशाल जवळ घेऊ द्या. थायरॉइडसाठी आयोडीनचं औषध पोटात दिलं असेल तर मात्र काही दिवस अंतर ठेवावं लागतं, ते डॉक्टर सांगतात.

अंगावर काढलेल्या खुणा पुसू नका. त्यावरूनच रोज किरणांचा नेम धरतात. वुजू करताना किंवा अंघोळीला त्या जागी पाणी चालेल का, हे विभागात विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

आणि बरं वाटलं म्हणून मधेच शेक सोडू नका. कापूस वेचणी असो की घरचं लग्न, खाडा पडला तर गाठीच्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

दहावीच्या निकालानंतर अकरावीचा फॉर्म भरताना विषयांचा रकाना घाईत भरू नका. मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि विचारा, गणित जमतं का, फिजिक्स आवडतं का. उत्तर ‘हो’ असेल, तर कॅन्सरच्या पेशंटला बरं करणाऱ्यांमध्ये आपल्या राळेगावचं लेकरूही उभं राहू शकतं. त्यासाठी नावापुढे डॉक्टर लागलंच पाहिजे असं नाही.