बुरशीचा विवाहसंस्कार

धोंडो केशव कर्वे यांच्या १८९३ सालच्या पुनर्विवाहामुळे त्यांच्यावर बहिष्कार घालणाऱ्या मुरुड गावी, आषाढात पापडांवर आणि दस्तऐवजांच्या दप्तरांवर बुरशी चढते, तेव्हा या क्षुद्र जीवसृष्टीतही विवाहयोग्य स्थळांचा प्रश्न असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले, ते पेनिसिलियम क्रायसोजेनम या बुरशीपासून. ही बुरशी केवळ अलैंगिक बीजाणूंनीच वाढते, असा शास्त्रज्ञांचा दीर्घकाळ दृढ समज होता. म्हणून अधिक उत्पादक वाण हवा असल्यास क्ष-किरणांचा वा अतिनील किरणांचा मारा करून, जे उत्परिवर्तन दैवयोगाने हाती लागेल त्यावर संतोष मानावा लागे.

मात्र २०१३ साली जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की, या बुरशीत परस्परपूरक असे दोन मीलन-प्रकार आहेत, आणि ते एकत्र आणून ओटच्या पिठाच्या माध्यमावर, बायोटिन घालून, काळोखात ठेवले असता, सूक्ष्म फलकोशांत लैंगिक बीजाणू धरतात. संततीत जनुकांची वाटणी नव्याने होते; परिणामी पेनिसिलीन देणारे, परंतु शुद्धीकरणात अडथळा आणणारे पिवळे रंगद्रव्य न बनवणारे वाणही त्यांना मिळाले. किरणांच्या अंधाधुंद कारभारापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. कापडउद्योगाला सेल्युलेज पुरवणाऱ्या ट्रायकोडर्मा रीसीचा असाच संकर २००९ मध्येच सिद्ध झाला होता.