गोडलिंबावरची अळी आणि खरा फोटो

निसर्गाचे फोटो काढायचे तर जंगलात जायला हवं, असं अनेकांना वाटतं. पण बोरगाव मेघेसारख्या, वर्ध्याला लागून असलेल्या वस्तीत अंगणात गोडलिंबाचं एक झाड असलं, तरी पावसाळाभर पुरेल एवढा विषय दारातच आहे. लिंबू, संत्रा, गोडलिंब या एकाच कुळातल्या झाडांच्या कोवळ्या पानांवर लाइम फुलपाखराची मादी फिकट पिवळी, मोहरीहून बारीक अंडी घालते. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. तोच तिचा बचाव. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते.

फोटोसाठी सकाळची वेळ उत्तम. गारव्यात कीटकांचं अंग तापलेलं नसतं, त्यामुळे ते सुस्त असतात, आणि उजेडही मऊ असतो. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. इतक्या जवळून फोटो घेताना फार थोडा भाग स्पष्ट येतो. म्हणून नेम डोळ्यावर धरावा आणि फुलपाखराचे पंख व कॅमेरा समांतर ठेवावेत. कॅमेऱ्यात छिद्र एफ-८ ते एफ-११ आणि वेग १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. मोबाइल असेल तर अगदी अंगाशी नेण्यापेक्षा थोडं लांबून घेऊन नंतर कडा कापणं बरं. ऊन कडक असेल तर मध्ये पातळ पांढरा कागद धरा. चकाकी कमी होते.

आता संगणकावरचं काम. आधी मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवा आणि त्याच्या प्रतीवर काम करा. कडा कापणं, उजेड कमी-जास्त करणं, थोडी धार वाढवणं यात गैर काही नाही. रंग भडक करताना मात्र हात आवरा. कॉमन मॉर्मन या दुसऱ्या फुलपाखराच्या अळ्याही गोडलिंबावरच वाढतात आणि दिसायलाही बऱ्याच सारख्या असतात. त्या ओळखायच्या त्या रंगावरून आणि पट्ट्यांवरून. रंगच बदलला तर जाणकार तरी काय सांगणार? मागचं पान 'अडगळ' म्हणून पुसू नये. अळी कोणत्या झाडावर होती, याचा तोच पुरावा.

याहून वाईट म्हणजे फोटोसाठी कीटकाला फ्रिजमध्ये गार करणं किंवा डिंकाने चिकटवणं. अळीला डिवचलं की ती डोक्यामागून दोन फाट्यांचा उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. फोटो झकास येतो, पण तो घाबरलेल्या जिवाचा. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने २०१७ च्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेलं एक छायाचित्र २०१८ मध्ये बाद केलं. त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला होता, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

आज आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर कुणालाही आपल्या अंगणातली नोंद देता येते. त्यासाठी तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव वहीत लिहून ठेवा. मेसेजवरून पाठवलेल्या फोटोतून ही माहिती बऱ्याचदा गळून जाते. आपल्याकडच्या कीटकांची माहिती अजून अपुरी आहे. ती भरून काढायला देखण्या फोटोपेक्षा खरा फोटो अधिक उपयोगी पडतो.